फॅनआर्टला हजारो लाईक, फॅनफिकला मोजके कुडोज: असं का होतं?

एकाच अ‍ॅनिमेच्या दोन फॅन घ्या. एकीने आवडत्या कॅरेक्टरचं चित्र काढलं, रंगवलं, संध्याकाळी पोस्ट केलं आणि झोपायच्या आत हजारो लाईक आले. दुसरीने त्याच कॅरेक्टरवर तीन महिने बसून कादंबरीएवढी गोष्ट, म्हणजे फॅनफिक, लिहिली आणि तिच्या पदरात पडले साठ-सत्तर कुडोज (लाईकसारखीच दाद) आणि दोन कॉमेंट, त्यातली एक 'पुढचा भाग कधी?' अशी. अ‍ॅनिमेच्या फँडममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या गोतावळ्यात, वावरणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही. पण याचं कारण विचारलं की बहुतेक जण 'आजकाल कोणी वाचतच नाही हो' म्हणून मोकळे होतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिकची वेबसाइट, म्हणजे जिला सगळे एओथ्री म्हणतात, तिथे एक कोटीच्या वर फॅनवर्क्स आहेत आणि त्यातला बहुतांश भाग लिहिलेलाच आहे, माय हीरो अ‍ॅकॅडेमिया तर तिथल्या सगळ्यात मोठ्या फँडम्सपैकी एक. लोक वाचतात, भरपूर वाचतात, रात्र रात्र जागून वाचतात. मग दाद कुठे अडकते? ती अडकते वाटेत, आणि ती वाट कशी बनलीय ते एकदा समजलं की बरीच कोडी सुटतात.

सगळ्यात आधी वेळेचं बघू, कारण ते सगळ्यांना माहीत असतं पण पूर्ण विचार कोणी करत नाही. फीड खाली सरकवताना चित्र दिसतं, डोळ्यात भरतं, आवडलं की बोट हार्टवर जातं, सगळा मामला दोन-तीन सेकंदांचा. गोष्टीचं तसं नाही. आधी समरी वाचा, टॅग बघा, आत्ता वेळ आहे का ते ठरवा, नसेल तर टॅब उघडा ठेवा, आणि तो टॅब कितीतरी दिवस तसाच पडून राहतो हे आपण सगळेच जाणतो. म्हणजे चित्राच्या बाबतीत 'बघणं' आणि 'आवडणं' एकाच क्षणात होतं आणि गोष्टीच्या बाबतीत मध्ये अर्धा तास, तीन तास, कधी आठवडा जातो, आणि तेवढ्या वेळात माणूस जिथून लिंक मिळाली होती त्या पोस्टपासून पार लांब गेलेला असतो. गोष्ट वाचून तो रडला असेल, मैत्रिणीला फोन करून सांगितलं असेल, पण त्या मूळ पोस्टवर परत येऊन लाईक करणारे फार थोडे.

जपानी लेखकांनी यावर काढलेला उपाय बघण्यासारखा आहे. ट्विटरवर (आताच्या एक्सवर) जपानीत एका पोस्टमध्ये साधारण १४० अक्षरं मावतात, त्यात गोष्ट काय मावणार? म्हणून तिथले फॅनलेखक गोष्टीचं पान चित्र करून टाकतात. एसएस मेईशी मेकर नावाचं एक टूल आहे, मेईशी म्हणजे व्हिजिटिंग कार्ड, तर त्या आकाराच्या सुंदर पार्श्वभूमीवर तुमची छोटी गोष्ट उभ्या ओळींत छापून मिळते आणि ती इमेज म्हणून पोस्ट करता येते. काही टूल्स तर मजकूर खिशात मावणाऱ्या पुस्तकाच्या पानासारखा मांडून देतात, समास, पान क्रमांक सगळं. आता विचार करा, लिहिणाऱ्याला वाचलं जाण्यासाठी आधी चित्राचा वेष घ्यावा लागतो! मला हे हुशारीचं पण वाटतं आणि थोडं वाईट पण वाटतं, पण एक नक्की, टाइमलाइन कोणासाठी बांधलेली आहे ते या एका गोष्टीत स्पष्ट दिसतं.

आणि हे पहिल्यापासून असं होतं असं मुळीच नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतले अ‍ॅनिमे फॅन यूझनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावर जमायचे, तिथे रेक डॉट आर्ट्स डॉट अ‍ॅनिमे डॉट क्रिएटिव्ह नावाचा ग्रुप फॅनफिकसाठीच होता, आणि रानमा, सेलर मून, इव्हँजेलियन अशा मालिकांवर लोक तिथे लांबलचक गोष्टी लिहायचे. डायलअपच्या जमान्यात चित्र उतरवायला जीव जायचा, मजकूर मात्र झटकन यायचा, त्यामुळे त्या काळात फँडममध्ये नाव कमवायचं तर लिहून. जपानमध्ये कॉमिकेट, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या पुस्तकांचा बाजार, सुरू झालं २१ डिसेंबर १९७५ ला, टोकियोत, ३२ सर्कल्स (पुस्तकं काढणारे चाहत्यांचे गट) आणि साधारण ७०० माणसं, आणि ते सुरू करणारा मेइक्यू हा गट मुळात मांगावर, म्हणजे जपानी कॉमिक्सवर, समीक्षा लिहिणाऱ्यांचा होता. लिहिणाऱ्यांनी उभं केलेलं ते मार्केट आज वर्षातून दोनदा टोकियो बिग साइटमध्ये भरतं, कोव्हिडच्या आधी तर तीन-चार दिवसांत लाखो लोक यायचे, आणि तिथे आज टेबलांवर नजर टाकली तर मांगा आणि इलस्ट्रेशनच भाव खाऊन जातात.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे इंटरनेटचा वेग वाढला, त्यात काही विशेष समजवायला नको. दुसरी म्हणजे जिथे फॅन जमतात त्या जागाच चित्रं डोळ्यांसमोर ठेवून बांधल्या गेल्या. पिक्सिव्ह हे जपानमधलं सगळ्यात मोठं ठिकाण, ते सप्टेंबर २००७ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे फक्त चित्रं टाकता यायची. गोष्टी टाकायची सोय आली २०१० मध्ये. जवळजवळ तीन वर्षांत सवयी, रँकिंग, फॉलोअर सगळं चित्रांभोवती बसून गेलेलं होतं, लेखक मागाहून त्या घरात राहायला आले. नावातलं पिक्स पण काय सांगतं ते तुम्हीच बघा.

पण पिक्सिव्हच्या लोकांची एक पद्धत मला फार आवडते. तिथे एखाद्या कामाला ठराविक संख्येच्या वर बुकमार्क (आवडलं म्हणून जतन केल्याची खूण) मिळाले की वाचक-प्रेक्षक स्वतःच त्यावर टॅग लावतात, 'हजार युझर्सच्या पंगतीत' अशा अर्थाचा. चित्रांसाठी हे टॅग पाचशे, हजार, पाच हजार, दहा हजार असे चढत जातात. गोष्टींसाठी मात्र वेगळे टॅग, त्यात 'नॉव्हेल' असा शब्द जोडलेला, आणि सुरुवातच पन्नास किंवा शंभरापासून. कोणी वरून नियम केलेला नाही, वापरणाऱ्यांनाच अनुभवाने कळलं की गोष्टीचे शंभर बुकमार्क आणि चित्राचे शंभर बुकमार्क एका काट्यावर तोलायचे नसतात. इंग्रजीतल्या फँडममध्ये असा वेगळा काटा नाहीच, तिथे लेखिका शेजारच्या आर्टिस्टचा आकडा बघते आणि स्वतःला कमी समजायला लागते, कित्येक जणी लिहायचं सोडतात.

आता मोजणीवर थोडं जास्त थांबू, कारण खरी गोम तिथे आहे असं माझं मत. एओथ्रीवर कुडोजचं बटण असतं, म्हणजे 'आवडलं' सांगण्याचा एक क्लिक. पण एका वाचकाला एका वर्कवर एकदाच कुडोज देता येतो. गोष्ट चाळीस चॅप्टरची असली तरी एकदाच, दुसऱ्यांदा दाबलं तर 'तुम्ही आधीच कुडोज दिलाय' असा मेसेज येतो. समजा एका लेखिकेने चाळीस चॅप्टर लिहिले, प्रत्येकी तीन हजार शब्द, म्हणजे एक लाख वीस हजार शब्द झाले, मिनिटाला दोनशे शब्द धरले तर वाचायला दहा तास. समजा तिचे तीनशे पक्के वाचक आहेत जे दोन वर्षं प्रत्येक चॅप्टरला धावत येतात. तिचे कुडोज किती? तीनशे. आता त्याच तीनशे पक्क्या चाहत्यांचा एक आर्टिस्ट घ्या, त्याने दोन वर्षांत चाळीस चित्रं टाकली, प्रत्येकावर तीनशे लाईक. बारा हजार. माणसं तेवढीच, प्रेम तेवढंच, उलट पहिल्या बाजूला वाचकांनी दहा-दहा तास दिलेत, म्हणजे तीनशे जणांचे मिळून तीन हजार तास, आणि आकडा मात्र चाळीसपट कमी. हा फरक कलेच्या दर्जातून आलेला नाही, बटण कसं बांधलंय त्यातून आलाय. पिक्सिव्हवर मालिकेतला प्रत्येक भाग स्वतंत्र काम म्हणून धरला जातो त्यामुळे तिथे प्रत्येक भागावर वेगळे बुकमार्क येतात, आणि जुन्या फॅनफिक्शन डॉट नेटवर प्रत्येक चॅप्टरला वेगळा रिव्ह्यू देता येतो. म्हणजे तीच गोष्ट, तेच वाचक, जागा बदलली की आकडा बदलला.

हिट्सचा, म्हणजे गोष्ट किती वेळा उघडली गेली त्याचा, आकडा यात अजून गोंधळ घालतो. एखाद्या चालू गोष्टीवर हिट्स दहा हजार आणि कुडोज तीनशे दिसले की नवीन लेखकाला वाटतं बाकी सगळ्यांना आवडली नाही. अहो, तेच तीनशे जण परत परत येतायत, प्रत्येक नवीन चॅप्टरला येतायत, काही जण जुनं परत वाचतायत, हिट वाढतात आणि कुडोज जागचे हलत नाहीत. लांब गोष्टीत हे प्रमाण जितकं वाईट दिसतं तितके वाचक निष्ठावान असण्याची शक्यता जास्त. हे प्रत्येक नवीन लेखकाला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

सगळ्यांसमोर होणारं कौतुक हा आणखी वेगळा भाग. अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणजे एएमव्ही, याची सुरुवात साधारण १९८२ पासून धरतात, जिम कपोस्टाझ या अमेरिकन फॅनने दोन व्हीसीआर जोडून स्पेस बॅटलशिप यामातोचे सीन्स बीटल्सच्या गाण्यावर बसवले होते. पुढे एएमव्हीच्या स्पर्धा कन्व्हेन्शनचा, म्हणजे चाहत्यांच्या संमेलनाचा, मोठा कार्यक्रम झाल्या, कारण चार मिनिटांचा व्हिडिओ हजार माणसं एका अंधाऱ्या हॉलमध्ये एकत्र बघू शकतात, एकत्र ओरडू शकतात. कॉस्प्लेचं, म्हणजे कॅरेक्टरचा पोशाख करून वावरण्याचं, तर विचारूच नका, नागोयाला २००३ पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरते. आपल्याकडे मुंबई कॉमिक कॉनला गेलात तरी तेच दिसेल, कॉस्प्लेची स्पर्धा स्टेजवर, प्रिंट आणि स्टिकर विकणारे आर्टिस्ट टेबलांवर. गोष्ट लिहिणारी मुलगी त्याच गर्दीत असते, पण ती हॉलमध्ये काय करणार, पन्नास पानं वाचून दाखवणार? काही कन्व्हेन्शनमध्ये लेखनाच्या स्पर्धा होतात, पण तिथे परीक्षक घरी बसून वाचतात आणि निकाल जाहीर होतो, टाळ्या पडतात त्या नावाला, गोष्टीला नाही, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांनी ती वाचलेलीच नसते.

दृश्य कामातून थेट इंडस्ट्रीत जायचा रस्ताही जास्त रुळलेला. १९८१ आणि १९८३ मध्ये ओसाकात झालेल्या दाइकॉन या सायन्स फिक्शन संमेलनांसाठी काही कॉलेजच्या पोरांनी ओपनिंगच्या छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्म बनवल्या, काही मिनिटांच्याच, त्यात पुढे इव्हँजेलियन बनवणारे हिदेआकी आन्नो होते, ताकामी आकाई होते, हिरोयुकी यामागा होते, आणि याच मंडळींतून १९८४ मध्ये गायनॅक्स स्टुडिओ उभा राहिला. क्लॅम्प हा मांगा काढणारा प्रसिद्ध गटही आधी दोजिन्शी, म्हणजे स्वतः छापलेली पुस्तकं, काढणारा सर्कलच होता. चित्र दाखवलं की 'हिला काम देऊया' हे पाच मिनिटांत कळतं. लेखकाच्या बाबतीत संपादकाला बसून वाचावं लागतं, आणि फॅनफिक असेल तर मूळ अ‍ॅनिमे माहीत असावं लागतं, नाहीतर त्यातली निम्मी मजा कळणारच नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. आर्टिस्ट कमिशन घेतो, प्रिंट विकतो, फँडम त्याला बहुतेक वेळा हरकत घेत नाही. इंग्रजीतल्या फॅनफिकवाल्यांमध्ये मात्र पैसे घेणं जवळजवळ निषिद्ध, एओथ्रीवर कमिशनची जाहिरात किंवा टिप मागण्याची लिंक टाकायला नियमानेच बंदी आहे. ही साइट नफ्यासाठी नाही, व्हॉलंटिअर चालवतात, कायद्याच्या दृष्टीने त्यांना ती भूमिका घेणं गरजेचं वाटतं आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण याचा परिणाम असा की पैसे हे जे कौतुकाचं एक रूप असतं ते फक्त एका बाजूला पोचतं. जपानमध्ये तसं नाही, तिथे नॉव्हेलचे दोजिन्शी पण छापून विकले जातात. मात्र टेबलापुढे उभा माणूस मांगाचं पुस्तक दोन-चार पानं उलटून ठरवतो, नॉव्हेल तसं चाळून कळत नाही, म्हणून लेखक आधीच पिक्सिव्हवर नमुन्याचा भाग टाकून ठेवतात आणि कव्हरसाठी आर्टिस्ट शोधतात. शेवटी पुस्तक हातात घ्यायला लावतं ते कव्हर, म्हणजे इथेही चित्रच पुढे.

आता दुसरी बाजू मांडायलाच हवी, नाहीतर आर्टिस्ट लोकांवर अन्याय होईल. चित्र खूप दिसतं, पण त्याबरोबर नाव जात नाही. पिंटरेस्टवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर, रिपोस्ट करणाऱ्या पेजेसवर फॅनआर्ट फिरत असतं, सही कापलेली असते, लिंक नसते, 'क्रेडिट टू ओनर' एवढं लिहिलं की झालं समाधान. लाखो लोकांनी पाहिलेलं चित्र कोणी काढलं ते पाहणाऱ्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं, वर एआयला शिकवायला तीच चित्रं न विचारता उचलली गेली तो घाव वेगळाच (आणि तो लेखकांनाही बसलाय). गोष्टीचं उलट आहे. गोष्ट कमी लोकांपर्यंत जाते पण ती लिंक म्हणून जाते, आणि लिंक उघडली की वर लेखकाचं नाव असतंच. दहा वर्षांपूर्वीच्या हायक्यू किंवा नारुतोच्या गोष्टींची शिफारस लोक आजही एकमेकांना नावानिशी करतात, 'तिची ती गोष्ट वाचलीस का?' असं विचारतात. दहा वर्षांपूर्वीचं फॅनआर्ट असं नावाने शोधत जाणारे मला फार कमी भेटले. एकाचं काम दिसतं आणि नाव गळतं, दुसरीचं नाव टिकतं पण काम दिसत नाही, आणि दोघांनाही आपलीच उपेक्षा होतेय असं वाटतं. दोघंही खरंच बोलतायत.

लिखाणाला मोठा मान मिळाल्याचं एक उदाहरण आहे, तेही गमतीशीर गुंत्याचं. २०१९ मध्ये एओथ्रीला ह्यूगो पुरस्कार मिळाला, सायन्स फिक्शनच्या जगातला फार मानाचा. तिथे लिहिणाऱ्या हजारो जणांना वाटलं आपणही यात आहोत, आणि का वाटू नये, त्यांच्या लिखाणाशिवाय त्या साइटवर काय होतं? पण नंतर स्पष्ट करण्यात आलं की पुरस्कार साइटला आहे, तिथल्या एकेका लेखकाने स्वतःला ह्यूगो विजेता म्हणू नये. नियमाने बरोबरच आहे ते. तरी, जिला वर्षानुवर्षं तीन कॉमेंट मिळतात तिला त्या दिवशी काय वाटलं असेल ते मी समजू शकते.

जिथे दोन्ही प्रकार एकत्र काम करतात तिथे ही दरी खरंच कमी होते. बिग बँग नावाचा प्रकार आहे, अ‍ॅनिमेच्या कितीतरी फँडम्समध्ये होतो. लेखक आधी मोठी गोष्ट लिहितात, बहुतेक ठिकाणी किमान दहा हजार शब्दांच्या पुढे, मग त्यांच्या समरी नाव न लावता आर्टिस्टपुढे ठेवल्या जातात, आर्टिस्ट वाचून आपल्याला आवडेल ती उचलतो आणि त्यावर चित्र काढतो, दोन्ही एकाच दिवशी प्रसिद्ध होतात. यात नाव झाकलेलं असल्यामुळे नवीन लेखिकेच्या गोष्टीलाही चांगला आर्टिस्ट मिळू शकतो. रिव्हर्स बँगमध्ये उलटं, चित्र आधी आणि गोष्ट मागून. मला या पद्धतीतलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की लेखिकेला एक तरी वाचक असा मिळतो ज्याने प्रत्येक ओळ बारकाईने वाचलीय, कारण चित्र काढायला त्याला माहीत पाहिजे की त्या सीनमध्ये खिडकी डावीकडे होती का उजवीकडे, शर्ट कुठला होता, पाऊस थांबला होता का नाही. फॅन झीन्समध्येही, म्हणजे चाहत्यांनी मिळून काढलेल्या संग्रहांमध्येही, दोघं असतात, पण तिथे लेखकाला दोन-चार पानं, हजार-दोन हजार शब्द मिळतात, आणि झीनबरोबर येणारे स्टिकर, कीचेन, प्रिंट हे सगळं आर्टिस्टच्या हातचं, जाहिरातही त्याचीच होते.

भाषेचा मुद्दा राहिलाच. जपानी आर्टिस्टच्या चित्राला सांगली-कोल्हापूरच्या पोराने लाईक करायला जपानी यावं लागत नाही. जपानी लेखिकेची गोष्ट मात्र त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कोणी भाषांतर केलं तरच. आपल्याकडची अ‍ॅनिमे बघणारी मुलंमुली म्हणूनच बहुतेक इंग्रजीत लिहितात, कारण वाचक तिथे आहेत. एओथ्रीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, कोणीही निवडू शकतं, पण मराठीत लिहिलं तर आधीच कमी असलेली दाद अजून आटते हे त्यांना दिसत असतं आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, कॉमेंट करायला निबंध लागत नाही. गोष्टीतली एक ओळ कॉपी करा, खाली लिहा की इथे थांबून परत वाचलं. जुन्या गोष्टीवर, सात-आठ वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या गोष्टीवर कॉमेंट केली तरी लेखकाला ईमेल जाते आणि त्या ईमेलने दिवस चांगला गेला असं सांगणारे लेखक मला खूप भेटलेत. लांब गोष्ट चालू असेल तर कुडोज एकदाच देता येतो हे लक्षात ठेवून दर दोन-तीन चॅप्टरला 'अजून वाचतेय' एवढं तरी टाका, आणि फॅनआर्ट शेअर करताना स्क्रीनशॉट न काढता आर्टिस्टची मूळ पोस्टच पुढे पाठवा.